स्विंग मनगटात असतो, कमरेत नव्हे

आरोग्याच्या सदरात गोलंदाजीचा धडा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेले असते. दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या, की दोन-तीन आठवड्यांत तेरा ते अठरा वयाची मुले कंबर धरून येऊ लागतात. आई म्हणते, "उसण भरलीय." वडील म्हणतात, "जरा जास्त खेळला." मुलगा गप्प असतो. त्याला एकच भीती असते, की डॉक्टर खेळ बंद करायला सांगतील. मी विचारतो, "बॅटिंग का बोलिंग?" उत्तर बहुतेक वेळा एकच येते, "फास्ट बोलिंग."

पुढे थोडे बोलते केले, की कळते, मुलाला स्विंग हवा असतो. टीव्हीवर बुमराहचा चेंडू हवेत वळताना त्याने पाहिलेला असतो. आपला का वळत नाही, म्हणून तो आणखी जोर लावतो, आणखी कंबर पिळतो, आणखी मागे वाकतो. चेंडू सरळच जातो, कंबर मात्र वाकडी होते. म्हणून आजच्या लेखात स्विंग म्हणजे काय, तो कसा साधावा आणि तो साधताना पाठीचा कणा कसा जपावा, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहू. क्रिकेटचा प्रशिक्षक म्हणून मी हे लिहीत नाही. हाडे, स्नायू आणि वाढते वय यांच्याशी रोज संबंध येणारा एक साधा डॉक्टर म्हणून लिहितो आहे.

चेंडू वळतो कसा?

सीझन बॉलच्या मध्यावर उभी शिवण असते. चेंडू हवेतून जाताना त्याच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहतो. गुळगुळीत बाजूवर हा थर शांत असतो आणि चेंडूपासून लवकर सुटतो. ज्या बाजूला शिवण आडवी येते, तिथे थरात खळबळ होते. खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि उशिरा सुटतो. दोन बाजूंचा थर असा वेगवेगळ्या ठिकाणी सुटल्यामुळे चेंडूमागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला सरकतो. शिवण ज्या दिशेला कललेली असेल, त्या दिशेला चेंडू जातो. एवढेच त्याचे शास्त्र.

1983 साली 'नेचर' या विज्ञानविषयक साप्ताहिकात रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिकेटच्या चेंडूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चेंडू सर्वांत जास्त कधी वळतो, हे त्यांनी मोजले. शिवण सुमारे 20 अंश कललेली, चेंडू स्वतःभोवती सेकंदाला सुमारे 11 वेळा उलटा फिरणारा आणि वेग ताशी सुमारे 112 किलोमीटर, असे ते गणित आहे.

वाचकहो, यातला वेगाचा आकडा पुन्हा वाचा. ताशी 112 किलोमीटर म्हणजे आजच्या हिशेबाने मध्यमगती. नव्या चेंडूच्या नेहमीच्या स्विंगला ताशी 145 चा वेग लागत नाही. उलट वेग फार वाढला, की शांत बाजूचा थरही खळबळतो आणि नेहमीचा स्विंग कमी होतो. चेंडू जुना, एका बाजूने खडबडीत आणि वेग जास्त असेल, तर तो उलट दिशेलाही वळतो. त्यालाच रिव्हर्स स्विंग म्हणतात. पण ते मोठ्यांचे काम. पंधरा वर्षांच्या मुलाने त्यामागे लागण्याचे कारण नाही.

ढगाळ हवेत चेंडू जास्त वळतो, असे बहुतेक सगळे खेळाडू सांगतात. प्रयोगशाळेत मात्र दमट हवेचा असा सरळ परिणाम दाखवता आलेला नाही. तेव्हा आकाशाकडे कमी आणि आपल्या बोटांकडे जास्त पाहावे.

बोटे, अंगठा आणि मनगट

उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलासाठी सांगतो. डावखुऱ्याने बाजू उलट समजाव्यात.

तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन बाजूंना, एकमेकांजवळ ठेवावे. अंगठ्याची कड खाली शिवणीवर टेकवावी. चेंडू तळहातात कोंबू नये. चेंडू आणि तळवा यांच्यामध्ये थोडी फट दिसली पाहिजे. मूठ आवळली, की मनगट ताठ होते आणि ताठ मनगटातून चेंडू डगमगत सुटतो. डगमगणाऱ्या शिवणीचा चेंडू हवेत सहसा वळत नाही.

उजव्या फलंदाजासाठी आउटस्विंग हवा असेल, तर शिवण पहिल्या किंवा दुसऱ्या स्लिपच्या दिशेला किंचित कललेली हवी. चकचकीत बाजू लेगकडे, म्हणजे गोलंदाजाच्या उजव्या हाताला राहील. इनस्विंगसाठी शिवण फाइन लेगच्या दिशेला आणि चकचकीत बाजू ऑफकडे. दोन्ही वेळी मनगट चेंडूच्या बरोबर मागे असावे. चेंडू सोडताना शेवटचा स्पर्श तर्जनी आणि मधल्या बोटाचा व्हावा. ही दोन बोटे शिवणीवरून खाली ओढली जातात, तेव्हा चेंडूला उलटी फिरकी मिळते. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, तशी ही फिरकी शिवण उभी ठेवते.

आणखी एक गोष्ट. चेंडू वळायला हवेत वेळ लागतो. आखूड टप्प्याचा चेंडू वळण्याआधीच जमिनीवर आपटतो. फलंदाजाला पुढे यायला लावणारा, थोडा पुढचा टप्पाच स्विंगला मानवतो.

चकाकी राखण्याबद्दलही सांगितले पाहिजे. पूर्वी चेंडूला सर्रास थुंकी लावत. कोविडच्या साथीत, 2020 साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यावर बंदी घातली आणि 2022 मध्ये ती कायम केली. आरोग्याच्या दृष्टीने मला ती योग्य वाटते. एकाच चेंडूला अकरा जणांचे हात लागतात, आणि त्याच हाताने मुले वडापाव खातात. घामाने आणि स्वच्छ फडक्याने चेंडू पुरेसा चमकतो.

पाठीला न दुखवणारा सराव

वर सांगितलेल्या सगळ्यात कंबरेचा उल्लेख कुठे आला का? नाही. स्विंगचे काम शेवटच्या क्षणी मनगट आणि दोन बोटे करतात. त्यामुळे त्याचा निम्म्याहून अधिक सराव धावत न येता करता येतो, आणि हीच पालकांना सांगण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट आहे.

एका जुन्या चेंडूच्या शिवणीवर पांढरी चिकटपट्टी गोल लावावी. पलंगावर उताणे पडून चेंडू फक्त मनगटाने वर उडवावा आणि झेलावा. पट्टी सरळ रेषेसारखी दिसली, तर शिवण उभी आहे. पांढरी धूसर फीत फिरताना दिसली, तर शिवण डगमगते आहे. रोज असे पन्नास चेंडू उडवावेत. त्यानंतर मित्राला दहा-बारा पावलांवर उभे करून, जागेवरूनच, हात कानाजवळून फिरवत चेंडू टाकावा. मग दोन पावले चालत येऊन टाकावा. हे पक्के झाल्यावरच धावत यावे. ज्या मुलाचा चेंडू दहा पावलांवर डगमगतो, त्याचा बावीस यार्डांवर वळणार नाही, मग तो सीमारेषेपासून का धावत येईना.

कणा कुठे मोडतो?

आता माझ्या विषयाकडे येतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजमध्ये आदळतो, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच पटींच्या आसपास, काही वेळा त्याहूनही जास्त भार येतो. मुलगा 50 किलोचा असेल, तर सुमारे 250 किलोंचा धक्का. तो टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून खुब्यात आणि तिथून कंबरेत चढतो. त्याच क्षणी पाठ मागे वाकलेली असते, एका बाजूला झुकलेली असते आणि पिळलेलीही असते. मागे वाकणे, झुकणे आणि पिळणे या तिन्ही गोष्टी एकदम सोसायला कंबरेचा कणा घडलेला नाही.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. तिचा एक भाग अगदी अरुंद, पेन्सिलीसारखा असतो. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांत या अरुंद भागावर सर्वांत जास्त ताण येतो. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली, की तुटते. या हाडाचे तसेच होते. आधी हाड आतून सुजते, मग केसाएवढी चीर पडते आणि तरीही खेळणे चालू राहिले, तर आरपार तडा जातो. यालाच ताणामुळे होणारा अस्थिभंग, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणतात. उजव्या हाताने टाकणाऱ्याला तो बहुधा कंबरेच्या डाव्या बाजूला होतो आणि डावखुऱ्याला उजव्या. वाढत्या वयात कण्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. विशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत ती बळकट होत असतात. म्हणून किशोरवयीन गोलंदाजाला धोका सर्वांत जास्त.

हे फक्त कच्च्या खेळाडूंना होते असे समजू नका. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली 1973 साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात याच दुखण्याने आडवा झाला. धीराने, शिस्तबद्ध व्यायाम करून तो 1974 च्या अखेरीस परतला आणि निवृत्त होईपर्यंत 355 कसोटी बळींपर्यंत पोहोचला. पॅट कमिन्सने नोव्हेंबर 2011 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळून सात बळी घेतले. दुसऱ्या कसोटीसाठी त्याला मार्च 2017 पर्यंत थांबावे लागले, कारण मधल्या काळात पाठीने त्याला वारंवार दगा दिला. आपल्या जसप्रीत बुमराहला 2019 मध्ये कंबरेचा स्ट्रेस फ्रॅक्चर झाला, 2022 मध्ये पाठ पुन्हा दुखावली आणि 2023 मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षकांची फौज असते, त्यांची ही गत. मुरमाड मैदानावर, सिमेंटच्या पट्टीवर मॅटिंग टाकून, झिजलेल्या तळव्यांचे बूट घालून टाकणाऱ्या आपल्या मुलांचे काय, याचा विचार करावा.

खांदे एकीकडे, खुबे दुसरीकडे

गोलंदाजीच्या ढबी मुख्यतः दोन. पहिलीत मागचा पाय क्रीजला समांतर पडतो, खुबे आणि खांदे दोन्ही आडवे असतात आणि गोलंदाज पुढच्या खांद्यावरून फलंदाजाकडे पाहतो. कपिल देवची ढब अशी होती. दुसरीत मागच्या पायाचा चवडा फलंदाजाकडे असतो आणि छाती समोर असते. दोन्ही ढबी चालतात. पहिलीत आउटस्विंग सहज येतो, दुसरीत इनस्विंग.

गोंधळ होतो तो तिसऱ्या, मिश्र ढबीत. मुलगा धावत येतो, मागचा पाय फलंदाजाकडे तोंड करून टाकतो, म्हणजे खुबे समोर. मग त्याला आठवते, की आउटस्विंगसाठी अंग आडवे हवे. तो फक्त खांदे मागे फिरवतो. खुबे एका दिशेला, खांदे दुसऱ्या, आणि मध्ये पिळलेल्या फडक्यासारखी कंबर. 1980 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तरुण गोलंदाजांचे चित्रीकरण करून त्यांच्या पाठीही तपासल्या. खांदे असे जास्त उलटे फिरवणाऱ्यांत आणि षटकांचा भार जास्त असणाऱ्यांत कण्याच्या दुखापती अधिक आढळल्या. त्यानंतरच्या काळात खांदे तीस अंशांहून जास्त उलटे फिरणे ही धोक्याची खूण मानली जाऊ लागली.

हे घरी तपासता येते. हल्ली मोबाइल घरोघरी आहे. मागून आणि बाजूने मुलाचे चार-पाच चेंडू संथगतीत चित्रित करा. मागचा पाय टेकतो, त्या क्षणाला चित्र थांबवा. पँटचा पट्टा आणि दोन खांद्यांची रेषा साधारण एकाच दिशेला आहेत ना, एवढेच पाहा. नसतील, तर प्रशिक्षकांना दाखवा. बऱ्याचदा मागच्या पायाची दिशा सुधारली, की बाकीचे आपोआप जुळते.

मात्र ज्याची ढब जुळलेली आहे आणि पाठ दुखत नाही, त्याच्या अंगावर दुसऱ्या कोणाची ढब चढवू नये. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनची ढब तरुणपणी प्रशिक्षकांनी बदलायचा प्रयत्न केला. 2006 साली त्याच्या पाठीलाही स्ट्रेस फ्रॅक्चर झाला. पुढे तो आपल्या मूळच्या ढबीकडे वळला आणि 2024 मध्ये 704 कसोटी बळींवर थांबला. त्यातले कितीतरी बळी केवळ मनगटातून सुटलेल्या उभ्या शिवणीचे होते.

आठ दिवसांवर आलेली निवड

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा उंच, शिडशिडीत, उजव्या हाताचा गोलंदाज. दीड महिना कंबर डाव्या बाजूला दुखत होती. खेळले की दुखे, दोन दिवस विश्रांती घेतली की थांबे. गावात एका पायाळू माणसाचा पाय लावून झाला होता, तेलाने चोळून झाले होते. मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी तो रोज सकाळी मैदानावर जाण्यापूर्वी घेत होता. एक्स-रे काढला होता आणि तो साफ होता. म्हणून सगळ्यांनी ठरवले होते, की हाडाला काही नाही. जिल्हा संघाची निवड आठ दिवसांवर होती.

मी त्याला डाव्या पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले. अर्ध्यावरच तो कळवळला. उजव्या पायावर तेच केले, तर फारसे दुखले नाही. मी एमआरआय करायला सांगितले. खर्चाचे नाव काढताच वडील गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, निवड होऊन जाऊ द्या. मग करू." मी त्यांना म्हणालो, "दादा, ऊस उभा असताना खोडकिडा दिसला, तर तोडणी होईपर्यंत थांबाल का?" ते थांबले नाहीत. तपासणीत पाचव्या मणक्याच्या डाव्या कमानीत चीर निघाली. ती आरपार गेलेली नव्हती.

निवड हुकली. त्या दिवशी मुलगा घरी खूप रडला, असे त्याच्या आईने मला नंतर सांगितले. पाच महिने त्याने एकही चेंडू धावत येऊन टाकला नाही. त्या काळात पोट, पाठ आणि खुब्याचे व्यायाम केले आणि पलंगावर पडून चिकटपट्टीचा चेंडू उडवत राहिला. पुढच्या हंगामात तो कमी वेगाने, पण उभ्या शिवणीने टाकू लागला. तो रणजी खेळला असे मी सांगणार नाही. कॉलेजच्या संघाकडून तीन वर्षे खेळला. आज तो बापाबरोबर शेतात बोजा उचलतो आणि त्याची पाठ दुखत नाही. माझ्या लेखी हे यश थोडे नाही.

या उदाहरणातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, साफ एक्स-रे म्हणजे साफ हाड नव्हे. सुरुवातीची चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. दुसरी, वेदनाशामक गोळी हाड जोडत नाही, ती फक्त धोक्याची घंटा बंद करते. शिवाय उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना रोज घेतलेली अशी गोळी जठराला आणि मूत्रपिंडालाही इजा करू शकते. तिसरी, चीर लवकर सापडली आणि विश्रांती मिळाली, तर ती बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून भरून येते. उशीर झाला, तर वर्ष जाते, कधी खेळच जातो.

षटकांची वही

दुखापतीचे दुसरे मोठे कारण भार, विशेषतः एकदम वाढलेला भार. मार्चपर्यंत अभ्यासासाठी खेळ बंद असतो. एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिर सुरू होते. सकाळी नेटमध्ये दहा षटके, म्हणजे 60 चेंडू. संध्याकाळी गल्लीत टेनिस बॉलवर पाच षटके, म्हणजे आणखी 30. दिवसाला 90, आठवड्याच्या सहा दिवसांचे 540. त्याआधीच्या महिन्यात शून्य. हाडाला नव्या भाराशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात, आणि आपण त्याला सहा दिवस देतो.

यात आणखी एक मेख आहे. शाळेचे सर शाळेतली षटके मोजतात, क्लबचे सर क्लबातली, टेनिस बॉलच्या स्पर्धेतली कोणीच मोजत नाही. मुलाचा कणा मात्र एकच असतो. म्हणून वही मुलाने स्वतः ठेवावी आणि रविवारी पालकांनी पाहावी.

किती टाकावे? इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तरुण वेगवान गोलंदाजांसाठी घालून दिलेली मर्यादा अनेक वर्षे वापरात होती. ती अशी: तेराव्या वर्षापर्यंत एका दमात 5 आणि दिवसात 10 षटके, चौदा-पंधरा वर्षे वयोगटात 6 आणि 12, सोळा ते एकोणीस वयोगटात 7 आणि 18. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त आणि आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त गोलंदाजी नको, असाही त्यात नियम होता. आपल्याकडच्या कडक मैदानांना आणि कडक उन्हाला हे आकडे कमाल समजावेत. सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

लहान मुलांच्या हाती लहान चेंडू द्यावा. मोठ्यांचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असतो, तेरा वर्षांखालील मुलांचा 133 ते 144 ग्रॅमचा. छोट्या बोटांत मोठा चेंडू बसत नाही, मग मूठ आवळते आणि पुन्हा सगळे मूळपदावर येते.

घरचे व्यायाम, घरचे अन्न

आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे पुरतात. उताणे पडून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, म्हणजे सेतुबंध. कुशीवर, कोपरावर अंग तोलून 20 ते 30 सेकंद थांबणे, दोन्ही बाजूंनी. एका पायावर उभे राहून अर्धी बैठक. मांडीच्या मागच्या स्नायूंना हलका ताण. सूर्यनमस्कार उत्तम, पण कंबर दुखत असताना त्यातली मागे वाकण्याची आसने करू नयेत. खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करावे. बुटाच्या टाचेत चांगली गादी असावी.

रिकाम्या पोटी मैदानावर जाऊ नये. दूध, नाचणी, तीळ, डाळी, हिरव्या भाज्या, आणि खात असाल तर अंडी आणि मासे, हे हाडांचे खाद्य. मुलीही आता वेगवान गोलंदाजी करू लागल्या आहेत, याचा आनंद आहे. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ती बाब लपवू नये. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी हाडेही कमजोर होतात.

उन्हात दर अर्ध्या तासाला पाणी प्यावे. खूप घाम गेला असेल, तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे प्यावे. महागड्या रंगीत पेयांची गरज नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गोलंदाजाची कंबर एका बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर दुखणे वाढत असेल, विश्रांतीने थांबून खेळताच परत येत असेल, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि आठवड्याच्या आत तपासून घ्या. फलंदाजी, क्षेत्ररक्षण यांचेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, ही लक्षणे असतील तर ते खेळाचे दुखणे समजू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आहे. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणे, यासाठी मात्र एक दिवसही थांबू नये.

आपल्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा जहीर खान 92 कसोटी खेळला आणि त्याने 311 बळी घेतले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात वेग त्याचे मुख्य हत्यार नव्हते. 2007 साली ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने नऊ बळी घेऊन भारताला जिंकून दिले, ते चेंडू हवेत दोन्हीकडे हलवून. आपल्या तालुक्यांत अशी मुले आजही आहेत. त्यांना वेगाची घाई करू देऊ नका. वेग वयाबरोबर येतो, उंचीबरोबर येतो, ताकदीबरोबर येतो. मनगट आजपासून शिकवता येते. आज संध्याकाळी मुलाला एक जुना चेंडू आणि चार बोटे पांढरी चिकटपट्टी द्या, आणि षटकांसाठी एक वही.